बाण आत की बाहेर

३ फेब्रुवारी, मंगळवार
नेमणुकीची ऑर्डर हातात आली. तासिका तत्त्वावर, सेमिस्टर संपेपर्यंत. कल्याणचं कॉलेज, मेकॅनिकल, दुसरं वर्ष, विषय थर्मो, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स. आधीचे सर डिसेंबरात सोडून गेले, जानेवारीभर वर्गाला कुणीच नव्हतं. एचओडी म्हणाले, "सिलॅबस तेवढा संपवा मॅडम." तेवढा! जसं काही मी भाजी निवडायला आलेय.

लॅबमध्ये बॉयलरचं कापलेलं मॉडेल आहे, आत काय असतं ते दिसावं म्हणून. आत कबुतराचं घरटं आहे. शिपाई म्हणाला, अंडी आहेत, आत्ता हलवू नका.

नवरोबांनी, म्हणजे सुहासने, विचारलं, कसा गेला पहिला दिवस. छान, म्हटलं. ठाण्यातल्या बाळकुमहून कल्याणला जाऊन येईस्तोवर माझाच बॉयलर झालेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वर्गात थोडकीच मुलं. बाकी सगळ्यांना कॉम्प्युटर ब्रँच हवी. पहिल्या बाकावर एकटी मुलगी, प्रज्ञा गायकवाड. ती खरं म्हणजे तिसऱ्या वर्षाची. थर्मोत नापास, केटी लागलीय म्हणून खालच्या वर्गात येऊन बसते. मुलं तिला ताई म्हणतात. कुणी बसायला सांगितलेलं नाही, केटीवाले कुठे तासाला बसतात? "गेल्या वेळी घरी बसून केला मॅडम, कळलंच नाही," म्हणाली. या वेळी सुटली नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, अख्खं वर्ष घरी.

आज फळ्यापाशी अडकले. एन्ट्रॉपी. मला येते, पण सांगता येईना. मागून कुणीतरी जांभई दिली, मोठ्याने. राग त्या मुलाचा नाही आला. माझाच आला.

९ फेब्रुवारी, सोमवार
सापडलं! परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा थर्मोचा पूर्ण कोर्स, बी.ई.च्याच पातळीचा, अगदी फुकट. सगळी लेक्चर्स, सोडवलेली गणितं, खाली अक्षरंसुद्धा उमटतात. म्हातारे प्राध्यापक, चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. काचेचा सिलिंडर, आत पिस्टन, खालून गरम केलं की तो हळूहळू वर येतो. मी पोळी करता करता बघत होते, पोळी करपली.

दोन दिवसांत सगळं पालथं घातलं. म्हणजे दुप्पट वेगाने पळवून. पहिली दोन लेक्चर्स ओळखपाळख, सिस्टिम म्हणजे काय वगैरे. ती सोडली. वर्गालाही सोडायला सांगेन, आधीच उशीर झालाय.

११ फेब्रुवारी, बुधवार
प्रोजेक्टर चालला (हेच मोठं). लेक्चर तीनपासून सुरुवात. थोडं दाखवायचं, थांबवायचं, मराठीत सांगायचं, मग गणित. पहिल्यांदाच कुणी मोबाइल काढला नाही. रोहितने, म्हणजे परवाच्या जांभईवाल्याने, प्राध्यापकांचं बारसं केलं: फुकटे सर. "मॅडम, आज फुकटे सरांचा तास आहे ना?"

आहे. आणि माझा?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलं गणितं सोडवायला लागलीत. घरी बसून पुढची लेक्चर्स बघून येतात. प्रज्ञा (यापुढे प्र., नाव लिहायला वेळ नाही) कँटीनमध्ये बाकीच्यांना समजावत असते. गणिताला हात लावण्याआधी चौकोन काढते, डब्यासारखा, कोपरे गोल. त्याला बाण. उष्णता इकडून आली, काम तिकडून. फुकटे सरांची सवय उचललीय. माझी एकही नाही उचलली.

सुहास म्हणतो, पगार त्यांना पाठव. हसले. लागलंही.

६ मार्च, शुक्रवार
एचओडींनी बोलावलं. पोर्टलवर तासांच्या नोंदीत मी 'ऑनलाइन कोर्स दाखवून' असं भरलेलं. "हे बदला. कमिटी आली तर विचारतील, मग तुम्हाला कशाला ठेवलंय? चॉक अँड टॉक लिहा." लिहिलं. सगळ्या तासांसमोर चॉक अँड टॉक. वाटलं, फार काही खोटं नाही. खडू होताच की हातात.

पुढची ऑर्डर जूनमध्ये निघते आणि ती यांच्याच सहीने.

१२ एप्रिल, रविवार
प्र.ने बोलावलेलं म्हणून कल्याण पूर्वला गेले. त्यांच्या वस्तीतल्या विहारात जयंतीनिमित्त 'अठरा तास अभ्यास'. पहाटेपासून पोरं रांगेने बसलेली, समोर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, ताज्या फुलांचा वास. दुसरीतल्या मुलापासून एमपीएससीवाल्या दादांपर्यंत सगळे. कुणी कुणाशी बोलत नाही. इतकी शांतता मी आमच्या लायब्ररीतही ऐकलेली नाही.

प्र.च्या कानात इअरफोन. अठरा तासांत फुकटे सरांचा अख्खा कोर्स करायचा, पहिल्या लेक्चरपासून, असा बेत. म्हटलं, अगं पहिली दोन कशाला? तर म्हणे, "मॅडम, इथे बसायचं तर मधूनच कसं सुरू करणार? बरं नाही दिसत."

तिची आई चहा घेऊन आली. पोळीभाजी केंद्रात असते. बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, हिचा सुटंल ना ओ? ही काय बोलत नाय घरात." सुटेल म्हणाले. एवढ्या ठामपणे मी माझ्या आईलाही कधी काही सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल, बुधवार
शेवटचे तास. एचओडींकडे वर्कलोडचं बोलणं होतं, जिन्यात प्र.ने गाठलं. "मॅडम, ते पहिल्या लेक्चरमधलं एक विचारायचं होतं, आपल्या पुस्तकात—" घाईत होते. नंतर बोलू म्हटलं. उद्यापासून अभ्यासाची सुट्टी.

एचओडी म्हणे, रिझल्ट चांगला लावा, मग बघू.

१८ मे, सोमवार
थर्मोचा पेपर झाला.

गेटपाशी गेलेले, मुलांना बघायला. सगळे खूश. रोहितने हात केला, "मॅडम, फोडला पेपर!" मग उत्तरं जुळवायला लागले.

"कामाचं किती आलं तुझं? माझं प्लस."
"माझं मायनस आलंय."
"अरे मायनस कसं येईल?"
"क्यू प्लस डब्ल्यू ना रे. फुकटे सरांचा फॉर्म्युला."

क्यू प्लस डब्ल्यू. आपल्याकडे क्यू मायनस डब्ल्यू, उष्णतेतून काम वजा, कारण बाहेर जाणारं काम आपण अधिक धरतो. इंजिनीअरिंगला थर्मो सुरू झालं की पहिल्या आठवड्यात हेच सांगतात, आपलं चिन्ह कुठलं. मी तिथेच उभी. रोहित म्हणाला, "मॅडम, लिंबू सरबत घेणार का?" नको म्हटलं.

घरी येऊन लेक्चर एक लावलं, साध्या वेगाने. सुरुवातीलाच फुकटे सर फळ्यावर चौकोन काढतात आणि म्हणतात, आपण या कोर्समध्ये आत येणारं काम अधिक धरू. काही देशांत, काही पुस्तकांत उलट धरतात. दोन्ही बरोबर. फक्त आधी सांगा, बाण दाखवा, आणि मग मध्येच बदलू नका.

सगळं सांगितलंय त्या माणसाने. मीच सोडायला सांगितलं.

१९ मे, मंगळवार
सुहासला समजावून सांगितलं. तो बँकेत, त्याला थर्मोचं काय. म्हटलं, समज आपली घरं वेगळी आणि मी तुला डबा दिला. माझ्या घरातून गेला म्हणजे माझा उणे, तुझ्याकडे आला म्हणजे तुझा अधिक. डबा तोच, पोळ्या तेवढ्याच. परीक्षेत तुझ्या घराचा हिशोब विचारलाय आणि मुलांनी माझ्या घराचा लिहिलाय.

"मग चूक नाही ना?"

ज्याने शेवटपर्यंत एकाच घराचा धरला, त्याची नाही. ज्याने सूत्र एका घराचं घेतलं आणि आकडे दुसऱ्या घराचे, त्याच्या पोळ्याच चुकल्या. आमच्या वर्गात माझी गणितं जुन्या पद्धतीची, सूत्रं फुकटे सरांची. खिचडी मीच करून घातली. मला तेव्हा दिसलं कसं नाही? मी स्वतः सोडवताना सवयीने चिन्ह बदलत गेले, हात आपोआप वळला. मुलांचा हात कुठून वळणार.

२१ मे, गुरुवार
प्र.ला फोन केला. विचारलं, चिन्हाचं काय केलंस?

"मॅडम, मी प्रत्येक गणिताच्या वर लिहिलंय. आत येणारं काम अधिक. चौकोन काढलाय, बाण आत. शेवटपर्यंत तसंच ठेवलंय." मग म्हणाली, "त्या दिवशी जिन्यात तेच विचारायला आलेले. आपलं धरू का त्यांचं. तुम्ही नंतर म्हणालात. मग मी म्हटलं, आपण बाण दाखवू, तपासणाऱ्याला कळेल."

तपासणाऱ्याला कळेल. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. एका मिनिटाचा प्रश्न होता. एका मिनिटाचा!

१ जून, सोमवार
पेपर तपासणी. केंद्र माजिवड्याला, घरापासून रिक्षाने जवळच. माणसं कमी म्हणून तासिकावाल्यांनाही बोलावलंय. पेपर संगणकाच्या पडद्यावर येतात, नंबर झाकलेला, कॉलेज कुठलं कळत नाही. समोर आदर्श उत्तरपत्रिका. कामाचं उत्तर: अधिक. शेजारी सूचना, चिन्ह चुकल्यास उत्तराचे आणि त्यापुढच्या पायऱ्यांचे गुण देऊ नयेत.

आमच्या तपासणीवर नजर ठेवणारे मॉडरेटर लिमये सर, निवृत्तीला आलेले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. गोड बोलतात आणि एक गुण इकडचा तिकडे होऊ देत नाहीत.

३ जून, बुधवार
आलीच खिचडी. सूत्र अधिकवालं, आकडे उणेवाले, उत्तर भलतंच. एक, मग थोड्या वेळाने आणखी एक. बाकी कुठल्या कॉलेजात असं लिहिणार? ही माझीच पोरं. अक्षर ओळखू आलं नाही, चूक ओळखू आली.

गुण नाही दिले. देताच येत नव्हते, उत्तर खरंच चुकलंय. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, उपास का? हो म्हटलं.

५ जून, शुक्रवार
दुपारी एक पेपर उघडला. पहिल्याच गणितावर चौकोन. डब्यासारखा, कोपरे गोल. बाण आत. बाजूला एक ओळ, आत येणारं काम अधिक धरले आहे.

खाली सगळं स्वच्छ. एकही पायरी गाळलेली नाही. उष्णता बरोबर, आकडे बरोबर, कामाचं उत्तर उणे, जसं यायला हवं तसंच. पुढचं गणित, पुन्हा चौकोन.

जोडून बघितलं. हे गुण दिले तर सुटते. आदर्श उत्तरपत्रिकेप्रमाणे गेलं तर नाही. दोनदा जोडलं.

नियम असा की पेपर ओळखीचा वाटला तर सांगायचं, तो दुसऱ्याकडे जातो. दुसरा माणूस काय करेल? सूचना वाचेल. मी कालपर्यंत तेच केलं असतं. आणि मीच गुण दिले तर? उत्तर बरोबर आहे म्हणून दिले की प्र.चं आहे म्हणून, हे माझं मला तरी कळेल का?

'नंतर तपासा' दाबलं. पुन्हा नंतर! माझा लाडका शब्द.

६ जून, शनिवार
काही नाही. भांडी घासली, कपाट आवरलं, सुहासशी विनाकारण भांडले. तो म्हणे, दे ना गुण, बरोबर आहे तर. इतकं सोपं असतं तर मी कपाट आवरलं असतं का.

८ जून, सोमवार
लिमये सरांना गाठलं. आडून विचारलं, "सर, कुणी चिन्हाचा संकेत वर स्पष्ट लिहिला असेल आणि शेवटपर्यंत पाळला असेल तर?"

"शास्त्र म्हणून तुमचं बरोबर आहे, मी नाही म्हणणार नाही. परंतु सूचना सर्वांना एकच हवी ना? तुम्ही गुण द्याल, पलीकडच्या टेबलावर देणार नाहीत. मग न्याय कसला?" चष्मा काढून पुसला. "किती जणांनी असं लिहिलंय?"

"पूर्ण नीट असा एकच बघितला."

"एकच. विद्यार्थी कुणाचा, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नंबर झाकलेला असतो ना सर."

यात एक शब्दही खोटा नाही. तरी जागेवर येऊन बसले तर कान तापलेले. हे म्हणजे पुन्हा चॉक अँड टॉक.

९ जून, मंगळवार
सकाळी गेल्या गेल्या लिमये सरांना सांगितलं. ओळखते. माझी विद्यार्थिनी आहे. काल खोटं बोलले.

त्यांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तो पेपर तुमच्याकडे राहू शकत नाही, हे तर तुम्हीही जाणता. पण तुमचा मुद्दा मी टाकून देत नाही. लेखी द्या. ओळखलंत हेही लिहा आणि संकेत वेगळा का आला, तेही. मी विद्यापीठाच्या मंडळाकडे पाठवतो. त्यांनी मानलं तर सूचना सर्वांसाठी बदलेल."

"आणि नाही मानलं तर?"

"तर नाही."

संकेत वेगळा का आला. म्हणजे कोर्स दाखवला, हे लिहायचं. एचओडींना आधी सांगावं म्हणून फोन केला, उगाच बाहेरून कळायला नको.

"मॅडम, तुमचं डोकं फिरलंय का? पोर्टलवर तुम्ही काय भरलंय? एका केटीसाठी सगळ्या डिपार्टमेंटला कशाला खड्ड्यात घालताय?" मग एकदम मऊ आवाजात, "ऑर्डरी या आठवड्यात निघतायत. बघा बुवा, शहाण्या आहात."

शहाणी असते तर लेक्चर एक बघितलं असतं.

लिहायला बसले. तीनदा फाडलं. पहिल्यांदा लिहिलं 'विद्यार्थ्यांनी उपलब्ध मोफत अभ्यासक्रम पाहिला', जसं काही आपण त्या गावचेच नाही. शेवटी साधं लिहिलं. शिक्षक नसल्याने अभ्यासक्रम मागे पडला होता. मी हा कोर्स वर्गात दाखवला. त्यातला संकेत वेगळा आहे हे मी मुलांना सांगितलं नाही. ज्या विद्यार्थिनीने तो स्वतः शोधून स्पष्ट मांडला, तिचं उत्तर बरोबर आहे.

सही केली. भीती नंतर आली, रिक्षात.

११ जून, गुरुवार
कागद लिमये सरांनी पुढे पाठवला. प्र.चा पेपर माझ्या यादीतून गेला. पडद्यावर त्या जागी दुसराच कुणीतरी, चौकोन नाही, बाण नाही. तपासला. चांगला होता, चांगले गुण दिले.

मंडळाचं काही आलेलं नाही. लिमये सर म्हणाले, तपासणी उद्या संपते, त्याआधी आलं तर आलं.

एचओडींचा फोन नाही. कॉलेजच्या ग्रुपवर नव्या ऑर्डरींची नावं पडली म्हणे, मी उघडलं नाही. सुहासने उघडलं आणि माझ्यासाठी चहा ठेवला. समजले, माझं नाव नाही.

रडू नाही आलं. नव्या वर्गाला यंदा थर्मो कोण सांगणार, हेच डोक्यात.

१२ जून, शुक्रवार
तपासणी संपली. यंत्रं बंद केली, सगळ्यांना वडापाव दिले. लिमये सर जिन्यात भेटले. मी काही विचारायच्या आत मान हलवली, अजून नाही. "मंडळ म्हटलं की वेळ लागतोच. निकालाआधी झालं पाहिजे एवढंच." मग दोन जिने उतरून पुन्हा वर आले. "मी बघितला तो पेपर. चौकोनाचे कोपरे गोल का काढते ती?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. कधी विचारलंच नाही.

घरी येईतो प्र.चा मेसेज. "मॅडम, नवीन सेकंड इयरला अजून थर्मोला कोणी नाही. पोरं मला म्हणतायत ताई फुकटे सर दाखव. दाखवू का? तुम्ही जॉइन होईपर्यंत."

जॉइन होईपर्यंत. ते तिला कळेलच, आज नको. लिहिलं, "दाखव. पहिल्या लेक्चरपासून. एकही सोडू नकोस. आणि आधी आपलं चिन्ह आणि त्यांचं चिन्ह शेजारी शेजारी काढून दाखव."

लगेच अंगठा आला. मग तिचं टाइप करणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"मॅडम, एक विचारू? माझा पेपर कुणाकडे गेला असेल हो? त्यांना बाण कळला असेल ना?"

सुहास जेवायला हाक मारतोय. दोनदा लिहून पुसलं. या वेळी तिला नंतर बोलू म्हणणार नाही, एवढं ठरवलंय. पण काय लिहू